दोन नळकांड्यांची फटफटी



वसंतातल्या व्याख्यानांस आपण इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे विषय ऐकण्याच्या अपेक्षेने येता. आज एका फटफटीविषयी बोलावयाचे आहे हे ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. त्यात वावगे काही नाही. पण विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या दारी चालत आला आहे.

थळला आमच्या वाडीत, माडाच्या झापांनी शाकारलेल्या एका पडवीत, गेली काही वर्षे एक मोटारसायकल उभी आहे. ती माझ्या आतेभावाची. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. १९८५ साली त्यांनी ती घेतली तेव्हा वाडीतली माणसे ती पाहावयास जमली होती. दादा आता नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा मला त्या पडवीत घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. पुण्याचे एक गृहस्थ त्याच्या कितीतरी पट देऊ म्हणतात. आणि मला मात्र वाटतं, एक किक मारून बघावी, चालू झाली तर किहीमपर्यंत जाऊन यावं. तुम्ही सांगा, काय करू?"

मी त्यास एवढेच सांगितले, "किक मात्र मारू नकोस." बाकीचे उत्तर विचार करून देईन असे म्हणालो. ते उत्तर म्हणजेच आजचे भाषण. कारण हे यंत्र काय आहे, कोठून आले आणि कसे चालते हे कळल्याशिवाय ते मोडावे, विकावे की राखावे, हे ठरविता येत नाही. हा न्याय फटफटीपुरताच नव्हे, आपल्या घरातल्या पुष्कळ जुन्या वस्तूंस लागू आहे.

पेटीच्या घराण्यातून

ती मोटारसायकल म्हणजे राजदूत ३५०. नाव आपल्याकडचे, बनावट फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची, पण मूळ कुळी जपानची. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली आर. डी. ३५० ह्या नावाने जी मोटारसायकल काढली, तिचीच ही भारतीय आवृत्ती.

यामाहा हे नाव संगीतप्रेमी मंडळींच्या परिचयाचे आहे, आणि तो योगायोग नाही. तोराकुसु यामाहा हा दुरुस्तीचे काम करणारा एक हुशार कारागीर होता. १८८७ साली हामामात्सु गावच्या एका शाळेतील परदेशी बनावटीचा ऑर्गन नादुरुस्त झाला, तो त्यास दुरुस्तीसाठी दाखविण्यात आला. हा ऑर्गन म्हणजे आपल्या पायपेटीचा भाऊबंद : भात्याने वारा भरावयाचा आणि धातूच्या पातळ पट्ट्यांतून तो सोडून सूर काढावयाचा. तो उघडून पाहिल्यावर, असले वाद्य आपणही बनवू शकू, असे यामाहाच्या मनाने घेतले. पहिले वाद्य तयार झाले तेव्हा ते दांडीला बांधून, खांद्यावर वाहून, हाकोनेचे डोंगर ओलांडून त्याने व त्याच्या सोबत्याने तोक्योच्या संगीतशाळेत नेले. घडण चांगली, पण सूर बरोबर लागलेले नाहीत, असा निकाल मिळाला. तेव्हा तेथेच राहून त्याने स्वरशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परत येऊन वाद्य नव्याने बांधले. १८९७ साली त्याच्या उद्योगाची रीतसर कंपनी झाली.

पुढे महायुद्धाच्या काळात ह्याच कंपनीकडून विमानांचे पंखे बनवून घेण्यात आले. युद्ध संपले आणि त्यासाठी आणलेली यंत्रसामग्री हाताशी उरली. तिचे काय करावे ह्या विचारातून १९५५ साली मोटारसायकली बनविणारी निराळी कंपनी निघाली. तिचे पहिले वाहन १२५ घन सेंटिमीटरचे, जर्मनीच्या डी. के. डब्ल्यू. गाडीच्या नमुन्यावर बेतलेले. म्हणजे आरंभ नकलेनेच झाला. पण १९५७ साली दोन नळकांड्यांची २५० ची गाडी आली, १९६७ मध्ये ३५० ची आली, आणि १९७३ पर्यंत त्या घराण्याची अशी घडण झाली की, मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्यांनी तिची धास्ती घ्यावी. गुरूचे पाहून शिकलेला शिष्य आपली चीज मांडू लागला तो असा.

भाता आणि झडप

आता यंत्राच्या पोटात डोकावू. नळकांडे म्हणजे कारागीर ज्यास सिलिंडर म्हणतो ते. त्यात खालीवर होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण नळकांड्यात दाबावयाचे, ठिणगीने पेटवावयाचे, भडक्याने दट्ट्या खाली लोटला जावयाचा आणि त्या लोटण्याने क्रँक फिरावयाचा, एवढे आपणांस ठाऊक असेल.

बुलेटसारख्या चार फेऱ्यांच्या इंजिनात हे काम चार पायऱ्यांनी होते : श्वास घेणे, दाबणे, जळणे आणि धूर टाकणे. त्यास क्रँकचे दोन वेढे लागतात, आणि दोन वेढ्यांत एकदाच जोर मिळतो. दोन फेऱ्यांच्या इंजिनात दर वेढ्यास एकदा जोर मिळतो. हे कसे साधते? येथे लोहाराचा भाता आठवा. भाता उघडला की त्याच्या बुडाची झडप आत उघडून वारा येतो. भाता दाबला की झडप आपोआप मिटते आणि वारा नळीवाटे आगटीत जातो. दोन फेऱ्यांच्या इंजिनात दट्ट्याच्या खालची बंद खोली हाच भाता. दट्ट्या वर जातो तेव्हा वरच्या अंगास मिश्रण दाबले जाते आणि खालच्या अंगास पोकळी होऊन नवे मिश्रण आत ओढले जाते. भडका होऊन दट्ट्या खाली येतो तेव्हा खालचे मिश्रण दाबले जाते. तळाशी येता येता नळकांड्याच्या भिंतीतील धुराचे छिद्र उघडते, पाठोपाठ नव्या मिश्रणाची छिद्रे उघडतात, आणि नवे मिश्रण आत शिरताना जुन्या धुरास बाहेर हुसकून लावते. एकच दट्ट्या वरच्या अंगाने गिरणी चालवितो आणि खालच्या अंगाने भाता ओढतो.

ह्या भात्यास पूर्वी निराळी झडप नसे. दट्ट्याची कडच छिद्र उघडी व मिटी. त्यात दोष असा की, गाडी सावकाश चालत असता आत आलेले थोडे मिश्रण आल्या वाटेने परत फिरे. १९७३ च्या गाडीत यामाहाने त्या वाटेवर पोलादाच्या पातळ लवचीक पात्यांची झडप बसविली. आत ओढले की पाती वाकून उघडतात, दाब आला की मिटतात. त्यांस चालवावयास दुसरे कोणतेही यंत्र लागत नाही. त्यामुळे कमी वेगातही गाडीची ओढ सुधारली. पेटीतील सुरांच्या पट्ट्या घडविता घडविता ज्या घराण्याचा उदय झाला, त्याच्या इंजिनाचा श्वासही शेवटी धातूच्या पातळ पात्यांवर चालावा, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. पेटीतली पट्टी वाऱ्याने थरथरून गाते, इंजिनातली वाऱ्याने उघडून मिटते. पण वाऱ्याच्या धक्क्यास पाते किती वाकावे, ही जाण दोन्हीकडे सारखीच लागते.

जोडीचे गणित

मग एका मोठ्या नळकांड्याऐवजी दोन लहान का? ह्या इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्याचा व्यास ६४ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ५४ मिलिमीटर. गुणाकार करून पाहाल तर एकेकाचे घनफळ १७३ ते १७४ घन सेंटिमीटर भरते, दोहोंचे मिळून ३४७. जड दट्ट्या झपाट्याने खालीवर नाचविणे कठीण, हलका नाचविणे सोपे. म्हणून दोन हलके दट्टे घेऊन इंजिन अधिक वेगाने फिरविता येते, आणि वेग अधिक म्हणजे त्याच आकारातून शक्ती अधिक.

शिवाय हे दोन दट्टे एकमेकांच्या उलट चालतात. एक वर तर दुसरा खाली. एकाच उखळात दोघी बायका आळीपाळीने मुसळ घालतात तेव्हा कांडण कसे अखंड चालते, तसा येथे दर अर्ध्या वेढ्यास एक भडका होतो. मिनिटास ६,००० वेढे म्हणजे सेकंदास १००, आणि नळकांडी दोन म्हणून सेकंदास २०० भडके. पेटी वाजविणाऱ्यांसाठी सांगतो, खालच्या सप्तकातील पांढरी पाचचा सूर सेकंदास सुमारे १९६ आंदोलनांचा असतो. म्हणजे भरवेगातली ही गाडी जवळपास पांढरी पाच लावून जाते! बुलेटचा ठेका आणि हिचा सूर ह्यांतला फरक येथे आहे. बुलेटचे भडके इतके सावकाश होतात की ते एकेक मोजावेसे वाटतात, हिचे एकमेकांत मिसळून स्वर होतो.

धूर जाण्याच्या नळीचाही ह्यात वाटा आहे. नळीचा पोटाशी फुगलेला आणि पुढे निमुळता होणारा आकार शोभेसाठी नसतो. धुराबरोबर जी दाबाची लाट बाहेर धावते, ती निमुळत्या टोकावरून उलटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतील एम. झेड. कारखान्याचे वॉल्टर काडेन ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या विद्येचा मोठा विकास केला, आणि पुढे ती जपानात पोचली. ह्या सर्वांचे फळ म्हणजे १९७३ च्या मूळ गाडीची ३९ अश्वशक्ती. आपल्याकडच्या तेव्हाच्या ३५० च्या बुलेटची १८ होती.

फरिदाबादेस काय झाले

एस्कॉर्ट्सची १७५ ची राजदूत खेडोपाडी दूधवाल्यांच्या किटल्या वाहून नाव कमावून होती. १९८३ साली त्याच कंपनीने ही ३५० बाजारात आणली. १९८९ च्या सुमारास ती बंद झाली. म्हणजे आयुष्य उणेपुरे सहा-सात वर्षांचे.

भारतात आणताना तिच्यात फेरफार झाले. पेट्रोल कमी खावे म्हणून शक्ती उतरविण्यात आली. पहिल्या प्रकारात ती ३०.५ अश्वशक्ती होती, १९८५ च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या प्रकारात इंजिनाचा श्वास आणखी आवळून २७ वर आणली. मूळ गाडीच्या पुढच्या चाकास तबकडीचा ब्रेक होता, म्हणजे डिस्क. येथे त्या जागी ड्रमचा ब्रेक आला. सहा गिअर मात्र तसेच राहिले, आणि तेवढे गिअर हाताळण्याची सवय आपल्याकडे कोणास नव्हती.

लोकांनी हिचे काय केले? शर्यतवाल्यांनी तिला डोक्यावर घेतले. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर त्या काळी तिचेच राज्य होते. पण सामान्य कुटुंबास ती परवडेना. किंमत इतरांहून जास्त, सुटे भाग महाग, आणि लिटरमागे पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरच्या घरात. तोच बाजारात जपानी सहकार्याच्या १०० च्या गाड्या उतरल्या. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हिरो होंडा आणि ह्याच एस्कॉर्ट्सची यामाहा आर. एक्स. १००, १९८६ साली कावासाकी बजाज. लिटरमागे ८० किलोमीटरची भाषा बोलणारी गाडी समोर असता तीनशेपन्नासच्या वाटेस कोण जाणार?

त्याच वर्षांत आमच्या थळला दुसरेही एक परदेशी तंत्र उभे राहत होते. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ह्या सरकारी कंपनीचा थळ-वायशेतचा खत कारखाना. बॉम्बे हायच्या समुद्रातील वायू, डेन्मार्कची अमोनियाची कृती आणि इटलीची युरियाची कृती ह्यांच्या संगमावर तो उभारला गेला. ज्या किनाऱ्यासमोर खांदेरी-उंदेरी उभ्या आहेत, तेथे प्रचंड मनोरे चढू लागले. दादा त्या उभारणीच्या कामावर एका कंत्राटदाराकडे फिटर होते. तेथल्या साठविलेल्या पगारातून आणि आत्याच्या दोन पाटल्या मोडून ही गाडी आली. दोन्ही तंत्रे बाहेरचीच. पण कारखान्याबरोबर ती चालविण्याचे शिक्षण आले, देखभालीचे वेळापत्रक आले, सुट्या भागांचे भांडार आले. फटफटीबरोबर फक्त फटफटी आली. माझ्या मते तिच्या अल्पायुष्याचे एक मोठे कारण हे आहे. यंत्र एकटे कधीच येत नाही. त्यास रस्ता लागतो, वंगण लागते, जाणता कारागीर लागतो आणि चालविणाऱ्यास शिस्त लागते. ह्यांतले एक उणे पडले की दोष मात्र यंत्राच्या माथी येतो.

कार्ले खिंडीतली गोष्ट

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८७ च्या उन्हाळ्यात दादा आणि मी पेणहून परत येत होतो. वडखळ नाका मागे टाकला, पोयनाडही गेले आणि कार्ले खिंडीचा चढ लागला. दादा चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढीत होते. एकाएकी इंजिनाचा सूर खाली बसला, एक किंकाळीसारखा आवाज झाला आणि मागचे चाक जागच्या जागी जखडले. आम्ही काही हात घसरत गेलो. दादांनी त्याच क्षणी क्लच दाबला, चाक सुटले आणि गाडी कशीबशी कडेला आली. एखादी एस. टी. समोरून येत असती तर हे भाषण करावयास मी उरलो नसतो.

झाले होते काय? दोन फेऱ्यांच्या इंजिनात खालची खोली भात्याच्या कामास जुंपलेली असल्याने तेथे वंगणाचा साठा ठेवता येत नाही. वंगण मिश्रणाबरोबरच आत सोडावे लागते. जुन्या गाड्यांत ते पेट्रोलच्या टाकीतच मिसळीत. यामाहाने १९६४ पासून निराळी टाकी आणि पंप अशी योजना केली. इंजिनाचा वेग आणि हाताची मूठ पाहून पंप बेताने तेल सोडतो. सोय मोठी, पण ती माणसास विसराळू बनविते. पेट्रोल संपले तर गाडी थांबते आणि आपणांस कळते. तेल संपले तर गाडी काही काळ तशीच धावते. दादांनी पेणला पेट्रोल भरले, तेल पाहिले नव्हते. तापलेला दट्ट्या फुगून नळकांड्यात जाम झाला. गाडीचा दोष शून्य, माणसाचा सगळा.

त्या दिवसापासून दादांनी एक वही घातली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तेल केव्हा भरले, प्लग केव्हा बदलला, नळकांडे केव्हा बोअर करून कितीचा दट्टा बसविला, सारे तारखेनिशी. ती वही अजून आहे.

थांबविण्याचे गणित

तरुण मंडळी आर. डी. ह्या अक्षरांचा अर्थ 'रॅपिड डेथ' असा लावीत, म्हणजे झटपट मरण. ही थट्टा होती, पण तिच्या पोटात एक हिशेब होता. तो आपण मांडून पाहू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ११ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरा, तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेली. ब्रेकने दर सेकंदास ५ मीटरने वेग उतरतो असे धरल्यास आणखी १२ मीटर लागतात. एकूण २३. आता वेग दुप्पट करा, ८०. पहिल्या सेकंदात २२ मीटर, आणि ब्रेक लावल्यावर चोवीस नव्हे, एकोणपन्नास! एकूण ७१ मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. हा निसर्गाचा कायदा आहे, त्यात वशिला चालत नाही.

त्यात भर म्हणजे दोन फेऱ्यांचे इंजिन मूठ सोडली तरी गाडीस फारसे मागे खेचीत नाही. म्हणजे वेग वाढविण्याचे साधन जपानचे, वेग आवरण्याचे साधन त्या मानाने दुबळे, आणि रस्ता आपला : बैल, सायकली आणि शाळा सुटलेली मुले असलेला. ज्या मुलांचे जीव गेले त्यांस धाडसाचे शिक्षण कोणी दिले नसले, तरी चारपटीचा हा हिशेबही कोणी दिला नव्हता. आजही वेगवान गाड्या मुलांच्या हाती येतात, तेव्हा किल्लीबरोबर हा हिशेब देणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

खारी हवा आणि नवे पेट्रोल

आता पडवीतल्या गाडीकडे वळू. मी पुतण्यास किक का मारू दिली नाही? चार कारणे आहेत.

पहिले, खारी हवा. नळकांड्याची छिद्रे थेट आतल्या खोलीत उघडतात. समुद्राकाठची दमट हवा तेथे शिरते, आणि बंद गाडीच्या क्रँकच्या बेअरिंगांवरील तेलाचा पापुद्रा वाळला की त्यांवर गंजाचे ठिपके पडतात. त्यांवरून फिरविणे म्हणजे खडीवर दळण दळणे. दुसरे, क्रँकच्या टोकांची आणि मधली सीलबंदी. दोन्ही नळकांड्यांचे भाते एकमेकांपासून वेगळे राहावयास हवेत. टोकांची रबरी सील वर्षानुवर्षांनी वाळून कडक होतात. तेथून बाहेरची हवा आत ओढली गेली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन अधिक तापते आणि कार्ले खिंडीतला प्रकार पुन्हा घडतो. तिसरे, कार्ब्युरेटरात राहिलेले पेट्रोल उडून जाऊन मागे डिंकासारखा चिकटा राहतो आणि बारीक छिद्रे बुजतात.

चौथे कारण नवे आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून, धान्यापासून होते, देशाच्या दृष्टीने त्याचे काही लाभ असतील. पण १९८५ च्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी घडविलेल्या नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि थळच्या पावसाळ्यात ओलीस काय तोटा! त्यास जळावयास हवाही कमी लागते, म्हणून जुन्याच जेटने चालविल्यास मिश्रण हलके पडते. तेव्हा नळ्या बदलाव्या लागतील, जेट थोडे मोठे घालावे लागतील आणि पावसाळ्यात टाकी अर्धी भरून ठेवण्याची सवय सोडावी लागेल.

दुसरी बाजू

जुन्या गाडीचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवे मिश्रण जुन्या धुरास हुसकते असे मी म्हटले. त्या झटापटीत काही नवे मिश्रणही न जळता बाहेर जाते, आणि सोबत जळलेल्या तेलाचा निळसर धूर. हा धूर पोरासोरांच्या छातीस चांगला नाही. म्हणूनच अमेरिकेत धुराचे कायदे कडक झाल्यावर असल्या गाड्या बाजारातून हटू लागल्या, आणि आपल्याकडेही २००० नंतरच्या नियमांनी दोन फेऱ्यांच्या मोटारसायकली हळूहळू बंद पडल्या. ते योग्यच झाले. ही गाडी रोज बाजारहाटास वापरावी असे म्हणणारा तिचा मित्रही नव्हे आणि गावचाही नव्हे.

कायद्याचेही पाहावे लागते. १५ वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, ती पाच वर्षांची मिळते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. २०२१ साली केंद्र सरकारने प्राचीन वाहनांसाठी निराळे नियम केले आणि त्यांस 'व्हीए' अक्षरांची पाटी दिली. पण ती सवलत ५० वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांस आहे. दादांच्या गाडीस तो मान २०३५ साली मिळू शकेल. तोवर ती ना नवी ना प्राचीन, अशा अडनिड्या वयात आहे. बहुतेक वस्तू ह्याच वयात मोडीत जातात. फार जुन्या झाल्या की त्यांना किंमत येते, पण तेथवर त्या पोचतच नाहीत.

उत्तर

मग पुतण्यास मी काय सांगणार? भंगारात घालू नकोस, हे पहिले. वजनाने पाहिले तर ते दीडएकशे किलो लोखंड आणि ॲल्युमिनियम आहे. पण त्यात भाता आहे, झडप आहे, लाटेचा हिशेब आहे. उघडून दाखविले तर शाळेतल्या मुलास एका दुपारी जे कळेल ते फळ्यावर महिनाभर कळणार नाही.

पुण्याच्या गृहस्थांस देण्यास हरकत नाही, पण ते सुटे भाग काढून विकणारे नसावेत. आणि स्वतः राखावयाची असेल तर अट एक : ती नुसती मिस्त्रीच्या हवाली करू नकोस. चार रविवार त्याच्या शेजारी बस. क्रँक उघडताना पाहा, सील बसविताना हात लाव. आमच्या अलिबागेत दोन फेऱ्यांच्या इंजिनाची नाडी जाणणारे मिस्त्री आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले आहेत, आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली. गाडी गंजली तर भाग बदलता येतात. जाणता हात गेला तर तो बदलता येत नाही. यामाहाच्या संस्थापकाने मोडका ऑर्गन उघडून पाहिला, त्यातून केवढा पसारा झाला हे आपण ऐकलेच. आपण आपल्या दारची मोडकी यंत्रे उघडून पाहण्याआधीच वजनकाट्यावर चढवितो.

हे भाषण लिहीत असता परवा पुतण्या घरी आला. गाडी विकली नाही, किकही मारली नाही, असे त्याने सांगितले. प्लग काढून नळकांड्यांत थोडे थोडे तेल घातले आणि चाक हाताने सावकाश फिरविले. क्रँक फिरला, म्हणाला, पण आत कोठेतरी खरखर आहे. मग पिशवीतून त्याने निळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली. दादांची शेवटची नोंद बऱ्याच वर्षांपूर्वीची होती. तिच्या खाली, नव्या शाईने, त्याने त्या दिवसाची तारीख घातली होती आणि लिहिले होते : "क्रँक फिरतो. बेअरिंग पाहणे."